भांडी आणि केर : कळसूबाईच्या पायथ्याचा एक मुक्काम

कळसू ही कोळ्याची पोर. रानात भटकायची तिला हौस. भटकत भटकत ती डोंगराच्या पायथ्याला इंदोरे गावात आली आणि एका घरी कामाला राहिली. राहताना अट घातली, की भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही, बाकी सांगाल ते करीन. बरेच दिवस नीट गेले. मग एकदा घरातल्या कुणीतरी तिला भांडी घासायला आणि केर भरायला लावलं. तिनं मुकाट्यानं दोन्ही कामं केली, डोंगर चढून गेली आणि मरेपर्यंत खाली उतरली नाही. भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात. डोंगर तिच्याच नावाचा.

ही गोष्ट अहमदनगरच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये आहे. पायथ्याच्या बारी गावात कुणालाही विचारलं तरी थोड्या फरकानं हीच ऐकायला मिळते. कुठं ते घर कोळ्याचं असतं, कुठं पाटलाचं. मी स्वतः ती गटांपुढं वीसेक वेळा तरी सांगितली असेल, शेकोटीभोवती, जरा आवाज खाली आणून. पण ती मुळात घरकामाची गोष्ट आहे, हे माझ्या डोक्यात शिरायला नवरात्रातला एक शनिवार जावा लागला. चौदा पाहुणे, एक घर, एक रात्र. काय ठरलं होतं, काय झालं आणि त्यानंतर त्या घरानं काय बदललं, ते इथं मांडतो. घरच्यांची नावं देत नाही.

आधी व्यवस्था. मी नाशिकचा. शनिवार-रविवार गट घेऊन डोंगरात जातो. त्यातून पोट चालत नाही, पेट्रोल सुटतं. बारी हे अकोले तालुक्यातलं गाव, घोटीहून राजूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. कळसूबाईची उंची १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, त्यामुळं मुंबई-पुण्याच्या माणसाला एकदा तरी तिथं जायचंच असतं. पहाटे वर पोचायचं तर आदल्या रात्री पायथ्याशी मुक्काम हवा. हॉटेलात राहणारे भंडारदऱ्याला राहतात. बाकीचे बारीतल्या घरांत पथारी टाकतात.

आम्ही उतरतो ते घर पाच मोठ्या माणसांचं. आजी, त्यांचा मुलगा, सून म्हणजे आमच्या मावशी, मग नातू आणि नातसून. नातू फोनवर बुकिंग घेतो. माणशी एकच आकडा, त्यात रात्रीचं जेवण, झोपायला पडवी, निघताना चहा आणि उतरल्यावर पोहे. खाली भाताची खाचरं, वरच्या उतारावर नागली म्हणजे नाचणी, वरई आणि खुरासणी म्हणजे कारळे. नवरात्रात खुरासणी फुललेली असते, सगळा उतार पिवळा. गाडीतून उतरल्या उतरल्या लोक तिथं फोटो काढायला धावतात आणि दोन ओळी तुडवतात.

चूक माझ्यापासून सुरू झाली. गटाला पाठवायचा संदेश मी डिसेंबरातल्या जुन्या सहलीवरून उचलला होता. त्यात ओळ होती, 'रात्री चुलीवरची गावरान कोंबडी'. तारीख बदलली, ती ओळ राहिली. नातवानंही फोनवर फक्त माणसं किती एवढंच विचारलं होतं.

संध्याकाळी साडेसहाला पोचलो. गटातल्या एकानं ओट्यावर बूट काढता काढताच विचारलं, "कोंबडी कापली का?" मावशी तांब्या घेऊन बाहेर येत होत्या, त्या तिथंच थबकल्या.

"आईचे नऊ दिस आहेत दादा," त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या. "ह्या दिसांत चुलीला वशाट लागत न्हाई. दसरा झाला का या, मग करू."

वशाट म्हणजे मांसमच्छर. चुलीला लागत नाही म्हणजे घरात अंडंही नाही. देव्हाऱ्यात घट बसलेले, मातीतून धान्याचे पोपटी कोंब वर आलेले आणि आजींचे नऊ दिवसांचे उपास. कळसूबाई ही महादेव कोळ्यांच्या कितीतरी घरांची कुलदेवी. नवरात्रात वर जत्राच भरलेली असते, आसपासच्या गावांतली माणसं नारळ घेऊन अनवाणी चढतात. हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी ते डोंगराच्या खात्यात टाकलं होतं आणि जेवण वेगळ्या खात्यात. दोघांची वही एकच आहे, हे त्या ओट्यावर उभं राहून कळलं, आणि चेहरा कुठं लपवू असं झालं.

गटातले तिघं नवरात्राचे उपास करणारे निघाले. त्यांना साबुदाण्याची खिचडी हवी होती. त्यावर मावशींनी काही न बोलता भगरीचं पातेलं पुढं केलं आणि दाण्याची आमटी. मला यातली गंमत वाटते ती अशी : साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलमकडून येतो, आणि भगर म्हणजे सडलेली वरई, जी या घराच्या डोक्यावरच्या उतारावर पिकते. नाशिकच्या गिरण्यांत भरडून, पिशवीत भरून, 'उपवासाचा पदार्थ' म्हणून आपण ती विकत घेतो. इथल्या म्हाताऱ्या माणसांनी ती उपास नसतानाही पोटभर खाल्लेली आहे, कारण तांदूळ पुरत नसे.

बाकीच्यांसाठी नागलीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, खुरासणीची चटणी, वालाची आमटी आणि काळभात. काळभाताचं टरफल काळं, आत दाणा पांढरा, आणि शिजताना वास अंगणापर्यंत येतो. संकरित बियाणं आल्यावर ही जुनी वाणं मागं पडली. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी जुनी बियाणी घरोघरून गोळा करून जपली, त्यासाठी त्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली. तेव्हापासून शहरातले पाहुणे 'ते काळ्या सालीचं भात आहे का' असं स्वतःहून विचारू लागलेत. चांगलं आहे. पण ताटात तो आला की निम्मे जण फोटो काढून तसाच ठेवतात, कारण पोट भाकरीनं भरलेलं असतं.

नागलीच्या भाकरीपाशी थोडं थांबतो, कारण पुढचं सगळं प्रकरण तिच्यावरच उभं आहे. नागलीच्या पिठाला गव्हासारखा ताण नसतो. गार पाण्यात मळलं तर थापताना कडा फाटतात. म्हणून मावशी आधी पाण्याला उकळी आणतात, त्यात पीठ सोडतात, उलथण्याच्या दांड्यानं ढवळून झाकतात आणि हाताला सोसवेल न सोसवेल इतकं गरम असतानाच परातीत मळायला घेतात. गोळा हातावर फिरवून मग थापायचा, तव्यावर टाकायचा, वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवायचा. पाणी सुकायच्या आत उलटली नाही तर भाकरी तडकते. मग तवा उतरवून निखाऱ्याच्या अंगाला उभी करायची, तेव्हा फुगते. एक भाकरी दोन मिनिटं म्हटलं तरी चौदा माणसांच्या प्रत्येकी तीन म्हणजे बेचाळीस, घरच्यांच्या धरून पन्नासच्या वर. पावणेदोन तास चुलीसमोरून उठता येत नाही. वैलावर, म्हणजे चुलीच्या बाजूच्या तोंडावर, पिठलं, ते नातसून बघत होती. तिचं एक पोर झोपेला आलेलं, ते आजींच्या मांडीवर.

आठला सगळं तयार होतं. लोक ओट्यावर पंगत धरून बसले. ताटं येईनात. आजींनी पळसाच्या पानावर चिमूटभर भाकरी, भात, आमटी घेतली, घटापुढं दिवा लावला, निवद दाखवला, मग आरती. अर्धा तास. तोवर गटातल्या एकानं स्वयंपाकघरात डोकावून भाकरीचा तुकडा मोडला. आजींनी बघितलं, काही बोलल्या नाहीत. नातसुनेनं ती मोडकी भाकरी बाजूला काढून ठेवली. मी दुसरीकडं बघितलं. गटाचा म्होरक्या म्हणून मी तिथं दोन वाक्यं बोलायला हवी होती.

साडेनऊला पंगत उठली. लोक झोपायच्या पिशव्या सोडायला लागले, कारण पहाटे तीनला निघायचं होतं. मी पाणी प्यायला मागच्या अंगाला गेलो. एका पिवळ्या दिव्याखाली नातसून उकिडवी बसलेली. पुढं चौदा ताटं, अठ्ठावीस वाट्या, चौदा पेले, शिवाय पातेली, परात आणि तवा. राखेचं डबडं, नारळाच्या शेंड्या. ती त्या दिवशी पहाटे पाचला उठलेली, आणि अडीचला पुन्हा आमच्या चहासाठी उठणार होती.

मी उगाच म्हणालो, "फार पडलं ना काम?"

ती हसली. "कळसू ह्याच कामापायी गेली डोंगरावर. मी कुठं जाऊ दादा?"

विनोदानं म्हणाली, पण मग काय बोलावं ते मला सुचेना. मी शेंडी उचलली आणि ताट घासायला बसलो. मला नीट जमत नव्हतं, पिठल्याचा थर कडेला राहत होता आणि ती माझं ताट घेऊन पुन्हा घासत होती. आवाज ऐकून गटातल्या दोन मुली आल्या, त्या विसळायला लागल्या. पाठोपाठ कोंबडी विचारणारे गृहस्थ आले. त्यांचं म्हणणं, आपण पैसे भरलेत, भांडी कशाला? त्यांची एक बाजू होती, नाही असं नाही. पैसे भरले होतेच. फक्त माणशी आकडा ठरवताना पीठ, तांदूळ, तेल, सरपण, सगळं धरलं होतं आणि घासायचं काम कुणीच धरलं नव्हतं. नातवानंही नाही, मीही नाही. ते घरातलं काम, म्हणून फुकट.

पण खरा विरोध मावशींकडून आला. त्या आतून धावत आल्या आणि माझ्या हातातलं ताट ओढायला लागल्या. "पाव्हण्याला खरकटं काढाय लावायचं? गावात तोंड दाखवाय नको?" नातसून मान खाली घालून घासत राहिली. सासूसमोर ती यापुढं बोलणार नव्हती.

तिढा सोडवला आजींनी. पोराला थोपटता थोपटता त्या ओट्यावरून म्हणाल्या, "सप्त्यात जेवलं का आपली पत्रावळ आपण उचलतो ना? मग ताटानं काय केलंय?"

हरिनाम सप्ताहाच्या पंगतीत पाटील असो की पाहुणा, जेवला की आपली पत्रावळ स्वतः उचलून टाकतो. त्यात कुणाचा अपमान होत नाही, उलट न उचलणाऱ्याकडं लोक बघतात. आजींनी घरातलाच दाखला काढला आणि मावशींचा हात सैल झाला.

डोंगराचं थोडक्यात सांगतो. तीनला निघालो. नवरात्रातल्या रविवारी पहाटे कळसूबाईवर वाट शोधावी लागत नाही, बॅटऱ्यांची रांगच वर गेलेली दिसते. लोखंडी शिड्या बसवल्यापासून साखळी धरून चढायची वेळ येत नाही, पण शिडीवर चढणारे आणि उतरणारे एकाच वेळी आले की सगळं ठप्प होतं. आम्ही एका शिडीखाली पाऊण तास उभे होतो. वाटेवरच्या टपऱ्या रात्रभर उघड्या, लिंबूपाणी, भजी, चहा. कुणाच्या तरी पाठीवरच्या पिशवीत स्पीकर वाजत होता. त्याच्या मागून एक बाई ओंजळीत निरांजन सांभाळत अनवाणी चालली होती, तिनं त्याला वाट मागितली, बास. वर देऊळ एवढंसं, आत चार-पाच माणसं कशीबशी मावतात. नारळाची शकलं, हिरव्या बांगड्या, कुंकू, आणि चहूबाजूनी धुकं. सूर्योदय दिसला नाही. या दिवसांत तो दिसेलच असं जो सांगतो त्याच्याबरोबर जाऊ नये. आठच्या सुमाराला ढग मिनिटभर फाटला, अलंग-मदन-कुलंगची रांग आणि भंडारदऱ्याचं पाणी दिसलं, पुन्हा मिटलं. गटातला एक जण देवळाच्या पायरीवर केक कापायच्या तयारीत होता, त्याला मात्र मी अडवलं. आदल्या रात्रीची उधारी होती माझी.

उतरल्यावर पोहे खाऊन चौदाही जणांनी आपापली बशी घासली. कोंबडीवाल्यांनीसुद्धा. त्यांची सगळ्यात चकचकीत होती, मुद्दाम सांगायला हवं.

यानंतर दिवाळीच्या आसपास मी एकटाच गेलो. वाघबारस झाली होती. रानात वाघोबाला खिरीचा निवद दाखवून गुराखी परतलेले. नातू, नातसून आणि मी ओट्यावर बसून हिशेब केला. मी शहरातून गेलेला, त्यामुळं माझ्या डोक्यात खोल्या, गाद्या, संडास. राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरणही साधारण त्याच अंगानं मोजतं, जमीन किती, खोल्या किती, नोंदणी झाली का. नातसुनेनं वेगळं मोजलं. तिनं विचारलं, सासू एका बसणीत न दमता पाहुण्यांच्या भाकऱ्या किती थापू शकते? तीस. मग पाहुणे दहा. पडवीत वीस झोपतील, पण चूल दहांची आहे. इतकी सरळ गोष्ट मला इतकी वर्षं सुचली नव्हती.

दुसरं, बुकिंगच्या वेळी आता नातू आधी तिथी बघतो. नवरात्र असेल तर पहिल्याच ओळीत 'वशाट मिळणार नाही, निवद झाल्यावर ताट' असं लिहून पाठवतो. कोंबडी हवी असेल त्यानं दसऱ्यानंतर यावं. पावसाळ्याच्या सुरुवातीला आलात तर भाजी रानातली, कुरडू, चाई, बडदा, भारंगी, जे त्या दिवशी मिळेल ते. अमुकच हवी म्हणून सांगता येणार नाही.

ताटांचं बरंच घोळत राहिलं. नातवाचं मत कागदी थाळ्यांचं. एकदा आणल्याही. आतून प्लास्टिकचा पापुद्रा असतो, तो जळत नाही, कुजत नाही, आणि गायीनं तीन थाळ्या खाल्ल्यावर आजींनी उरलेला गठ्ठा परत पाठवला. थर्मोकोलला राज्यात २०१८ पासून बंदी आहे. पळसाच्या पत्रावळ्या लावायच्या तर पानं आणायला आणि टाचायला पुन्हा तीच दोघी. शेवटी स्टीलची ताटं राहिली, आणि मागच्या अंगाला दोन बादल्या, राखेचं डबडं आणि भिंतीवर खडूनं एक ओळ : 'सप्त्यासारखं'. नवीन माणसाला अर्थ कळत नाही, तो विचारतो, मग कुणीतरी सांगतं. मला वाटतं तसं विचारायला लावणं हाच हेतू असावा, नातवानं कबूल केलेलं नाही.

उन्हाळ्याची अडचण वेगळीच निघाली. मे संपता संपता भंडारदऱ्याच्या परिसरात काजवे चमकतात, तेव्हा पाहुण्यांची रीघ असते आणि नेमकं तेव्हाच पाणी सगळ्यात कमी. पावसाळ्यात इथं इतकं कोसळतं की छत्रीचा उपयोग होत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये बायका हंडे घेऊन विहिरीवर नंबर लावतात. चौदा ताटं विसळायला पाच-सहा बादल्या. त्या आठवड्यांत हे घर पाहुणे घेतच नाही. शेजारची घेतात. कमाईचे सगळ्यात चांगले दोन आठवडे सोडायचे, यावर नातवाचं आणि बापाचं अजून जमत नाही, आणि मला त्यात बोलायचा अधिकार नाही.

नुकसान झालं ते लपवत नाही. ताट घासायचं ऐकून दोन गट दुसरीकडं गेले, त्यातला एक माझाच जुना. दहाच पाहुणे घ्यायचे म्हणून माणशी आकडा थोडा वाढवावा लागला. त्या वाढीतला ठरलेला वाटा नातसुनेच्या हातात जातो, हे मात्र तिनं स्वतः ठरवून घेतलं. अट कामाला लागायच्या आधी घालायची असते, एवढं ती कळसूकडून शिकली, असं ती म्हणते. मग हसते.

कळसूच्या अटी दोन होत्या. भांड्यांचं असं मार्गी लागलं. केराचं लागलेलं नाही. नवरात्र संपलं की पायथ्यापासून पहिल्या शिडीपर्यंत वाटेच्या दोन्ही अंगांनी बाटल्या, वेफरच्या पिशव्या, उदबत्तीची खोकी, सरबताचे पेले. पाहुणा रविवारी संध्याकाळी कसाऱ्याला लोकलमध्ये बसलेला असतो. परवा नातवानं एक फोटो पाठवला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काढलेला. नातसून आणि गावातल्या दोघी, डोक्याला फडकं, हातात खताच्या रिकाम्या गोण्या, थाळेमेळच्या अंगाला वाकलेल्या. खाली त्यानं लिहिलं होतं, 'सर, ह्याचे माणशी किती लावायचे?' मी अजून उत्तर दिलेलं नाही.